निरोपाची मोटार

माइक माझ्या तोंडासमोर आला तेव्हा मी हसत होतो. निदान मला तसं वाटत होतं. हसू म्हणजे आता माझ्या अर्ध्या तोंडाचा कारभार. उरलेलं अर्धं होळीच्या सुमारास लकव्यानं काढून नेलं आणि जाता जाता जीभही घेऊन गेला. "आणि आता," भोजराज मोटारीच्या दारात उभा राहून साऱ्या पटांगणाला ऐकवत होता, "या गाडीचे सगळ्यांत जुने डायवर, ज्यांची गोष्ट ऐकली नाही असा माणूस भंडाऱ्यात सापडायचा नाही, ते आपले मारोतराव दोन शब्द सांगतील!" टाळ्या पडल्या. पोराच्या मनात वाईट नव्हतं. त्यानं हा जुन्या मोटारींचा दिवस मागच्या वर्षीच ठरवला होता, मी बोलणार हेही तेव्हाच ठरलं होतं, आणि पाठ केलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, पण तोवर माइक आला होता. मी आत जुळवाजुळव केली. दोन शब्द कसले, चांगलं तासभराचं सामान जुळलं. बाहेर आला तो श्वास. टपावर बांधलेल्या भोंग्यातून तो असा निघाला की खाली उभ्या असलेल्या बायका मागे सरकल्या. कुंपणाआडून म्हैस फुसकारावी तसा. शेजारी बसलेल्या माझ्या लेकीनं, सत्यवतीनं, पदरानं माझी हनुवटी पुसली. "भोजू, त्याइले बोलता येत नाही ना रे आता."

"सॉरी काका. माझ्या ध्यानातच नाही राहिलं." भोजराज लालबुंद झाला. मग माइक पुन्हा स्वतःच्या तोंडाशी नेऊन म्हणाला, "त्या काळचं दुसरं कोणी आहे काय?"

"मी आहो ना जी," मागून आवाज आला, आणि परसराम उठून पुढं आला.

परसराम माझ्या हाताखाली क्लीनर होता. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा ही मोटार कोळशावर चालायची. मागं मोठा पिंप लावलेला, त्यात कोळसा पेटवायचा आणि पंखा फिरवत बसायचं. ते काम त्याचं. काळाठिक्कर चेहरा आणि त्यात दोन पांढरे डोळे एवढाच परसराम मला आठवतो. पुढं तो तिकडं चिखल्याला गेला, मँगनीजच्या खाणीत मजुरांची ने-आण करणारी गाडी चालवायला, आणि तिकडचाच झाला. आज तो त्या खाणीच्या लाकडी अंगाच्या गाडीसोबत आला होता. ती आमच्या मागं उभी होती, आणि तिच्यामागं एक जुनी नाकवाली एस. टी. तिघींना झेंडूच्या माळा. दसऱ्याचा दिवस. भोजराजनं कलकत्त्याला कुठं जुन्या मोटारींचा मेळा पाहिला होता आणि आजोबाच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, राइस मिलच्या शेडमध्ये कोंड्याच्या पोत्यांखाली पडलेली ही आमची मोटार त्याला आठवली होती. त्यानं ती बाहेर काढली, इंजिन उघडलं, जोडलं, बाकांना नवं कातडं लावलं आणि बाहेरून निळा रंग दिला. ती पोपटी होती. पण आता हे सांगणार कोण?

परसरामचं एक आहे. काहींना पोहता येत नाही तसं त्याला खोटं बोलता येत नाही. शिकवून पाहिलं होतं मी. गटांगळ्या खायचा.

गाडी निघाली. हँडल मारलं परसरामनंच, हौसेनं. मला पुढच्या बाकावर, डायवरच्या पाठीशी, उलट्या तोंडानं बसवलं होतं, म्हणजे सगळ्या लोकांना मी दिसावा. जन्मभर या मोटारीत मी रस्त्याकडं तोंड करून बसलो. आज रस्ता माझ्या पाठीमागून येत होता आणि मला फक्त गेलेला दिसत होता. डावा हात मांडीवर ठेवलेला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा. समोर बाकांवर माणसं दाटीनं बसलेली, पोरं, म्हाताऱ्या, मिलचे मुनीम. आणि तिसऱ्या बाकावर खिडकीशी दुर्गाबाई.

चढताना ती माझ्याजवळ थांबली होती. हातात आपट्याची पानं. पान माझ्या चालत्या हातात दिलं, बोटं मिटवली, आणि हसून म्हणाली, "काय मारोतभाऊ, काही निरोप?"

हे तिचं नेहमीचं. लोकांना वाटतं थट्टा आहे. थट्टाच असेल. पण तिचं विचारून झालं की माझ्या आत काहीतरी हँडल मारल्यासारखं सुरू होतं, आणि त्या क्षणीही झालं. नवाकोरा निरोप तयार झाला: राणी मेली, वहिनी, तिच्या पोरानं त्याला सोडलं, आता बोटीची वाट पाहतोय. वा! चाळीस वर्षांत असा मोक्याचा निरोप सुचला नव्हता. ओठ उघडले, लाळ आली. सत्यवतीनं पुसली. दुर्गाबाई म्हणाली, "राहू द्या. बरे व्हा आधी," आणि जागेवर जाऊन बसली.

निरोपाचं सांगायला हवं. तेव्हा या रस्त्यावर लिहिणारे कमी, वाचणारे त्याहून कमी. आमची मोटार भंडाऱ्याहून निघायची, अड्याळचा बाजार करून आसगावकडं जायची आणि तशीच परत. थांब्याथांब्यावर खिडकीशी माणसं यायची. डायवरला निरोप द्यायचा ही रीत होती. मायले सांगजो ताप उतरला. भाच्याले सांगजो बैल पाहून ठेवला. मी डोक्यात घ्यायचो आणि पुढच्या गावात ज्याचा त्याला उतरवून द्यायचो, गठ्ठ्यासारखा. आता पाहा, "ताप उतरला" हा काय निरोप झाला? तीन कोस धूळ खात खिडकीशी आलेल्या म्हातारीला एवढंसं देऊन कसं चालेल? मी थोडं घालायचो. ताप कसा उतरला, उतरल्यावर पोरगी काय जेवली, जेवताना कुणाची आठवण काढली. म्हातारी पदर डोळ्याला लावून घरी जायची आणि दुसऱ्या बाजारी माझ्यासाठी ओल्या शेंगा आणायची. मालक म्हणायचे, मारोत्या, लोक मोटारीत बसतात ते गावाला जायला की तुझं ऐकायला? मी म्हणायचो, मालक, तिकीट तर दोन्हीचं एकच आहे.

नदीचा पूल ओलांडून गाडी पलीकडं लागली. पुलावरचा वारा एका गालाला लागला, दुसऱ्याला नाही. परसरामनं माइक हातात घेतला होता आणि तो आता सोडायला तयार नव्हता. माणूस सारा जन्म खाणीतल्या मजुरांना घेऊन खालमानेनं हिंडलेला. त्याचा आवाज भोंग्यातून बाहेर पडून बांध्यांवरून, लोंबी धरलेल्या धानावरून लांब जात होता आणि तो आवाज त्याला आवडून राहिला होता. "आता वाघाची गोष्ट मारोतभाऊ सांगत जी, का या गाडीत वाघ चढला—"

"आन् त्याले अर्धं तिकीट फाडलं!" पोरं ओरडली.

"फाडलं ना. पण जितं जनावर नोहतं ते. मालगुजारानं मारलेल्या वाघाचं कातडं होतं, भुसा भराले नागपूरले धाडलं होतं. जागा लय लागली म्हणून अर्धं तिकीट घेतलं."

मोटार हसली. सगळी माणसं हसली आणि ती माझ्याकडं पाहून हसली, पकडलं म्हणून. माझ्या वाघाला मी मिशा दिल्या होत्या, रागावणं दिलं होतं, उतरताना क्लीनरकडं पाहून मान हलवणं दिलं होतं. तो वाघ लाखनीच्या जंगलात नातवंडांना ही गोष्ट सांगत असेल असं मी सांगायचो आणि लोकांना ते पटायचं. परसरामनं एका वाक्यात त्याच्यात भुसा भरला. मला राग आला नाही. मला शिंक येते आणि निघत नाही तसं झालं. उत्तर होतं की! मी म्हणालो असतो, अरे, कातडं होतं तर त्यानं तुझं धोतर कशानं फाडलं? आणि परसराम गडबडला असता, कारण धोतर खरंच फाटलं होतं, दाराच्या खिळ्यानं. जीभ टाळूला चिकटून पडली होती. बेडकासारखी, थंड.

मग पुराची गोष्ट. मी नाल्याच्या पुरातून मोटार पोहवत नेली, मासे खिडकीतून आत आले आणि बायकांनी टोपल्या भरल्या, ही. "काठावर बसून राहिलो," परसराम म्हणाला. "पाणी उतरलं मग निघालो. मासे नोहते. मुरमुरे होते." पुन्हा हसू. दुर्गाबाईही हसली. तिचे पुढचे दात गेले आहेत. हसताना ती अजूनही हात तोंडावर नेते, आणि हातावर बांगड्या, हिरव्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

त्या कुंकवाकडं पाहता पाहता मला घाम फुटला. अर्ध्या अंगाला.

कारण परसराम थांब्यांच्या क्रमानं चालला होता. वाघ चढला त्या जागी वाघाची, नाल्यावर पुराची. अड्याळ येईल, मग आसगाव येईल. आणि आसगावच्या थांब्यावर, त्या दिवशी, नंदलाल खिडकीशी येऊन बोलला तेव्हा परसराम मागं पिंपाशी नव्हता. पुढं, माझ्या शेजारी, काचेवरची धूळ पुसत होता.

नंदलाल म्हणजे दुर्गाबाईचा नवरा. भंडाऱ्यात त्यांचे माग होते. लुगड्यांचे गठ्ठे टपावर टाकून तो दर बाजारी आमच्या मोटारीनं यायचा. गोरा, बोलका, केसाला वासाचं तेल. आसगावला त्याचा मुक्काम वाढू लागला. तिथं एका बाईशी त्यानं घर केलं आहे हे मला मागाहून कळलं. सगळ्यांना मागाहूनच कळतं. एका बाजारी तो परत निघालाच नाही. गठ्ठा दिला नाही, निरोप दिला. घरी सांगजो, मी येत नाही. माझी वाट पाहू नको म्हणावं. एवढं बोलून तो वळला. मी मोटार आणली भंडाऱ्याला. दुकानाच्या दारात ती उभी होती, सुताला पेजेची खळ लावता लावता उठून आलेली, कोपरापर्यंत हात भरलेले, ते तिनं अंगापासून लांब धरलेले. वीस वर्षांची असेल नसेल. "काय निरोप?" म्हणाली. मी तिच्या हातांकडं पाहिलं. ते हात कुठं पुसायचे हेच तिला कळत नव्हतं. या हातांनी तिला डोळेही पुसता आले नसते. आणि मग मी काही ठरवलं नाही. जीभ आपली आपण वळली, जशी उतारावर मोटार वळते. म्हणालो, वहिनी, साहेबानं त्याला निवडून नेला. लढाईसाठी तंबूचं कापड विणायला. आमच्या मोटारीतूनच उतरवला, कलकत्त्याच्या गाडीत बसवला. रडत होता. म्हणाला, माग मोडू नको म्हणावं, मी येतो.

दुसऱ्या बाजारी ती मोटारीवर आली. काही निरोप? आता काय करता? कलकत्त्याहून त्याला रंगूनला पाठवावं लागलं. रंगूनवर बाँब पडले तेव्हा जंगलात. लढाई संपली, सगळे परत येऊ लागले, तेव्हा माझी खरी परीक्षा होती. मी ब्रह्मदेशातली एक राणी उभी केली. राणीला सोन्याच्या तारेचं लुगडं हवं होतं आणि ते पुरं होईस्तोवर ती विणकराला सोडत नव्हती. दुर्गाबाई शहाणी. तिनं विचारलं, "किती हात?" मी म्हणालो, नव्वद. ती मनात हिशेब करत उभी राहिली. मग विचारलं, "काठ कोणता सांगितला राणीनं?" मी सुचला तो सांगितला, मोराच्या पावलांचा. तो तिनं घरी मागावर उतरवून पाहिला. पुढं अड्याळच्या बाजारात बायका राणीचा काठ म्हणून तोच मागायच्या. त्या काठावर तिनं मागांमागं माग वाढवले, दिरांना पोसलं, पुतण्यांची लग्नं केली. मला सांगा, वाट पाहू नको या निरोपाला कोणता काठ निघाला असता?

खासगी मोटारी बंद झाल्या, रस्ता एस. टी.कडं गेला, मी पानठेल्यावर बसू लागलो. निरोप मात्र बंद झाले नाहीत. आता ती वर्षातून एकदा दसऱ्याला विचारायची, हसून. पण हसण्याच्या आत, अगदी बारीक, मागाच्या धोट्यासारखं काहीतरी इकडून तिकडं जायचं. ते फक्त मला ऐकू यायचं.

अड्याळला माणसंच माणसं. बायका ओवाळायला आलेल्या, कुणी नारळ फोडला, भोजराजच्या गळ्यात हार. एका म्हातारीनं सवयीनं आपली पिशवी टपावर टाकायला दिली आणि आत येऊन बसली, ही आज कुठं जाणारी गाडी नाही, फिरून परत येणारी आहे, हे तिला कुणी सांगितलं तर म्हणाली, "मंग कायले निघाली?" मला वाटलं, इथंच परतावं. भोजराजचं पोट भरलं असेल. मी सत्यवतीकडं पाहिलं. माझी लेक माझे डोळे वाचते असा तिचा समज आहे. "पाणी पाहिजे काय बाबा?" मी डोळ्यांनी नाही म्हणालो. तिनं पाणी पाजलं. अर्धं गळ्यात गेलं, अर्धं सदऱ्यात. "ऊन लागून राहिलं काय?" तिनं पडदा ओढला. मी तिच्या मनगटावर चालत्या हाताची बोटं दाबली, जोरानं, आपट्याचं पान चुरगळून गेलं. "हो हो, मजा येऊन राहिली ना तुमाले," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. बापाला एवढं खुश तिनं होळीनंतर पाहिलं नव्हतं.

गाडी पुढं निघाली. आता माझी सारी आशा इंजिनावर होती. पाठीला तिची धडधड लागत होती, जुनी ओळख. मालकांसमोर, साहेबासमोर, वरातीत, ही कधी बिघडली नाही असं झालं नाही. आज तरी बिघड. मी मनात तिला शिव्या दिल्या, मग लाडीगोडी केली, मग नवस बोललो. आणि एका तलावाच्या पाळीवर तिनं ऐकलं! आधी वास आला, तापलेल्या रबराचा, मग शिट्टी, मग वाफेचा पांढरा लोट खिडक्यांवरून मागं गेला. गाडी थांबली. पाणी उकळलं होतं. मला इतकं बरं वाटलं की अर्ध्या तोंडानं मी खरंच हसलो असेन. आता इथंच दुपार होईल, लोक कंटाळतील, मागच्या गाड्यांत बसून परततील. पण जुनी मोटार बंद पडली ही बातमी भोंग्यानंच गावात पोचवली. धानातून माणसं धावत आली, बायका धावत आल्या. जिच्या हाती जे होतं ते घेऊन, पाण्याचे गुंड, बादल्या, लोटे, तलावातून भरभरून. म्हाताऱ्या एकमेकींना ढकलत होत्या. ज्या मोटारीनं आपल्याला सासरी आणलं तिला पाणी पाजायला मिळतंय! मीच सांगून ठेवलं होतं त्यांना वर्षानुवर्षं, की ही मोटार पाणी पिते तेव्हा मनातलं मागावं. परसराम टोपण उघडून ओततोय, ओततोय, आणि म्हणतोय, "बस्स झालं ना बाई, किती पाजता!" गाडी गार झाली. पहिल्या हँडलला लागली. एवढ्या लवकर ती जन्मात लागली नव्हती.

आसगावचा थांबा आला. झाड तेच असेल. मला फक्त त्याची सावली दिसली, बाकांवर चढत मागं गेली आणि गाडीसोबत थांबली. परसरामनं घसा खाकरला. तो खाकरा गावभर गेला.

"आता शेवटचं सांगतो. माह्या मारोतभाऊले तुमी हसले. मीही हसवलं. त्याच्या गोष्टी फुगवलेल्या, हे खरं आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या जी. निरोपात त्यानं कधी खोट नाही केली. याच झाडाखाली एक माणूस आला. भंडाऱ्याचा लुगडेवाला, नंदलाल म्हणून. त्यानं इथं दुसरं घर केलं होतं. मी काच पुसून राहिलो होतो, ह्या कानानं ऐकलं. म्हणे, घरी सांगजो मी येत नाही, माही वाट पाहू नोको. अजून म्हणे, तिले सांगजो, पाट लावाचा असन तर लाव, माही ना नाही, मी मोकळी केली. मंग तो अन् ती बाई रायपूरकडे निघून गेले, पुन्हा कोणाले दिसले नाही. असा निरोप, सांगा, कोणाच्या जिभेवर येईन? पण मारोतभाऊनं पोचवला. मी टपावर गठ्ठे सोडून राहिलो होतो, वरून पाहिलं. त्या बाईच्या दारात उभा राहून, मान खाली घालून, सांगून राहिला होता. असा इमानदार माणूस, आज त्याची वाचा गेली. टाळ्या वाजवा त्याच्यासाठी."

टाळ्या वाजल्या.

पाटाचं ते शेपूट. ते मी वाटेतच कुठंतरी टाकून आलो होतो, आसगाव आणि भंडारा यांच्यामध्ये. इतक्या वर्षांत ते कुणाचं होतं हेही मला आठवत नव्हतं. भोंग्यातून ऐकलं तेव्हा ते परक्या माणसासारखं आत आलं आणि माझ्याशेजारी बसलं. मोकळी केली. वीस वर्षांची. टाळ्या चालूच होत्या. परसरामला ती ओळखू आली नव्हती. त्या बाजारानंतर लगेचच तो चिखल्याला गेला होता, चाळीस वर्षं तिकडंच होता, आणि त्याच्या लेखी ती बाई कधीच पाट लावून कुठल्याशा दुसऱ्या घरात नांदून म्हातारी झाली होती. तो माझ्याकडं पाहून हात जोडत होता.

दुर्गाबाई उठली. बाकांच्या पाठी धरत धरत पुढं आली. लोकांना वाटलं उतरायचं असेल, त्यांनी पाय घेतले. ती माझ्यासमोर उभी राहिली, एका हातानं वरची दांडी धरून.

"मारोतभाऊ, हा काय म्हणून राहिला?"

आवाज चढलेला नव्हता. निरोप विचारताना असायचा तसाच होता.

"तुमी सांगा. तुमी सांगितलं तर मी मानीन."

आणि मला सुचलं. अहो, काय सुचलं! दोन नंदलाल होते. एक तुमचा, एक दुसरा, लुगडेवालाच, पण त्याच्या मानेवर मस होता, आणि त्याचं घर भंडाऱ्यात दुसऱ्या आळीत. परसराम त्या दिवशी पिंपाच्या धुरानं अर्धा आंधळा. आणि त्या दुसऱ्याच्या बायकोलाही मीच निरोप दिला, त्याच दिवशी, त्याच गल्लीच्या तोंडाशी, म्हणून या बिचाऱ्याची गल्लत झाली. सगळं बसत होतं. एक फट नव्हती. जन्मात मी इतकं चांगलं काही रचलं नव्हतं, आणि ते सगळं दातांच्या आत, गरम, पूर्ण, उभं होतं. मी ढकललं. गळ्याच्या शिरा ताणल्या. बाहेर आलं ते "आं." पुन्हा ढकललं. "आं." सत्यवती म्हणाली, "बाबा, काय पाहिजे?" तिचा पदर माझ्या हनुवटीवर होता. दुर्गाबाई पाहत होती. तोंडाला मी सारं शिकवलं, डोळ्यांना काही शिकवायचं राहून गेलं. ते नुसते उघडे होते आणि आत जे होतं ते तिला दिसत होतं. निदान ते मिटावेत म्हणून मी सारा जोर पापण्यांत आणला.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, बुढा डोळा मारून राहिला!"

आणि मोटार फुटली. पोरं बाकांवर उड्या मारू लागली. मुनीम पोट धरून हसले, भोजराज हसला, सुटल्यासारखा हसला, कारण त्याच्या दिवसाला आता रंग भरला होता. परसरामही हसत म्हणाला, "म्हंजे मी खोटा काय जी? बोलता नाही येत तरी मलेच खोटं पाडते!" माइक त्याच्या हातात होता, ते हसू भोंग्यातून झाडावर गेलं, पाखरं उडाली.

"हसू नका," दुर्गाबाई म्हणाली.

तिनं ते मोठ्यानं म्हटलं नाही. जवळच्यांना ऐकू आलं, ते गप्प झाले, मग त्यांच्या मागचे.

"डोळा नाही मारला त्याइनं. दोन्ही मिटून राहिले. एकच मिटते."

परसरामनं तिच्याकडं पाहिलं. कुंकवाकडं पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि माइक धरलेला हात खाली आला, आणि भोंगा नुसताच सूं सूं करत राहिला. "बाई," तो म्हणाला, "तुमी—" त्याला खोटं बोलता येत नाही. आणि खरं सगळं सांगून झालं होतं.

ती माझ्याकडंच पाहत होती. मला वाटलं आता ती बोलेल. चाळीस वर्षांचं बोलेल. बोलावं, मी ऐकीन, मला दुसरं काय करता येतं? दांडीवरचा हात तिनं काढला आणि तळवा माझ्या उघड्या राहिलेल्या डोळ्यावर ठेवला. जन्मभर सुताला खळ लावून कडक झालेला तळवा. हलका ठेवला नव्हता. पापणी त्याखाली खाली गेली. आंबूस पेजेचा वास आला आणि अंधार झाला.

कुणीतरी हँडल मारलं. घंटी वाजली. मोटार हलली, लोक आपापल्या जागी सावरून बसले; ती बसली नाही आणि हातही काढला नाही. मोटार वळत होती. कुठं वळते आहे ते मला दिसत नव्हतं. त्या अंधारात मी दोन नंदलालांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतली, मसासकट. इतकी चांगली होती ती.